नळीत गोठणारं रक्त: हेपरिन, वॉरफरिन आणि मिठाचं पाणी

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण यात लढाई नाही, किल्ला नाही, तह नाही. आजचा इतिहास आहे एका बारीक नळीचा आणि त्या नळीच्या तोंडाशी साचणाऱ्या रक्ताच्या गुठळीचा. ज्यांना हेडफोन लावून ऐकणं जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

हॉस्पिटलमध्ये कुणाच्या उशाशी बसायची वेळ आली असेल, तर तुम्ही हे पाहिलं असेल. पेशंटच्या हाताला इंट्राकॅथ लावलेली असते. सलाईन संपलेलं असतं. तरी काही तासांनी सिस्टर एक छोटी सिरिंज घेऊन येतात, नळीत काहीतरी सोडतात आणि बूच लावून निघून जातात. विचारलं तर म्हणतात, "लाईन चालू राहायला हवी ना." बस, एवढंच.

त्या सिरिंजमध्ये काय असतं? कधी साधं मिठाचं पाणी, कधी हेपरिन नावाचं औषध. यातलं नेमकं काय असावं हे ठरवायला वैद्यकशास्त्राला कित्येक दशकं लागली. मधल्या काळात माणसं वाचली, काही बाळं दगावली, आणि एक 'सिद्ध झालेला' उपाय मोठ्या चाचणीत साफ नापास झाला. मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण ही गोष्ट वाचताना मला सारखं वाटत होतं की हा आपल्याही धंद्याचा प्रश्न आहे: जे सगळे करतात ते खरंच चालतं का, हे कुणी तपासलंय?

रक्ताला नळी का आवडत नाही?

आधी थोडं विज्ञान, घाबरू नका. आपल्या रक्तवाहिन्यांना आतून पेशींचं एक अस्तर असतं. ते नुसतं गुळगुळीत नसतं, ते सतत काम करत असतं. 'इथे गोठू नकोस' असा निरोप ते रक्ताला रासायनिक भाषेत देत राहतं. प्लास्टिकच्या नळीला ही भाषा येत नाही.

नळी रक्तात शिरली की काही सेकंदांतच रक्तातली प्रथिनं तिला चिकटायला लागतात. तापलेल्या दुधावर साय धरते तसा एक पातळ थर. या थरात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन असतं, त्याला प्लेटलेट्स येऊन चिकटतात. दुसरीकडे रक्त गोठवणाऱ्या घटकांची साखळी सुरू होते. एक घटक दुसऱ्याला जागं करतो, दुसरा तिसऱ्याला, आणि शेवटी फायब्रिनचे धागे विणले जातात. दुधाला विरजण लागल्यासारखंच. एक थेंब पुरतो, पुढचं आपोआप होतं.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत नळी असताना मृत्यू पावलेल्या रुग्णांचं शवविच्छेदन करून पाहिलं. त्यांनी तपासलेल्या प्रत्येकाच्या नळीभोवती फायब्रिनचं मोजासारखं आवरण चढलेलं होतं. म्हणजे नळीवर थर बसणं हा अपवाद नाही, तो नियम आहे. प्रश्न एवढाच असतो की तो थर तिथेच थांबतो, नळीचं तोंड बंद करतो, की अख्खी शीर अडवून फुफ्फुसापर्यंत गुठळी पाठवतो.

हे असं का होतं याची चौकट जर्मन डॉक्टर रुडॉल्फ व्हिर्शो यांच्या नावानं ओळखली जाते. १८५६ च्या सुमाराला त्यांनी शिरांमधल्या गुठळ्यांवर मोठं काम केलं. त्यावरून पुढे जी तीन कारणं शिकवली जाऊ लागली ती अशी: रक्ताचा वेग मंदावणं, रक्तवाहिनीच्या भिंतीला इजा होणं आणि रक्ताचाच गोठण्याकडे कल असणं. आता नळीचा विचार करा. ती शिरेत जागा अडवते, म्हणून वेग मंदावतो. ती आत शिरताना आणि हलताना भिंतीला घासते. आणि ज्यांना ती लागते ते बहुतेक कॅन्सरचे, किडनीचे, आयसीयूतले रुग्ण असतात, ज्यांचं रक्त आधीच गोठायला टपलेलं असतं. तिन्ही कारणं एकाच ठिकाणी हजर!

आधी आली जळू

रक्त न गोठू देणारा पहिला पदार्थ शास्त्रज्ञांना कुठे सापडला? जळवेच्या तोंडात. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत जळवा लावण्याच्या उपचारावर एक स्वतंत्र अध्याय आहे. जळू काढली तरी जखम बराच वेळ वाहत राहते, हे शेतात राबणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं. पण असं का, याचं उत्तर १८८४ मध्ये जॉन हेक्राफ्ट या ब्रिटिश शास्त्रज्ञानं शोधलं. जळवेच्या स्रावात रक्त गोठू न देणारा पदार्थ असतो. त्याला पुढे 'हिरुडिन' हे नाव मिळालं.

१९१३ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉन जेकब एबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्याचं रक्त शरीराबाहेर नळ्यांमधून फिरवून, त्यातले काही पदार्थ गाळून परत आत सोडण्याचं यंत्र बनवलं. कृत्रिम किडनीचं हे पहिलं रूप. नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेलं हिरुडिन वापरलं. १९२४ मध्ये जर्मनीतल्या गीसेन गावी गेऑर्ग हास यांनी हाच प्रकार माणसावर केला, जेमतेम पंधरा मिनिटं. तेव्हाही हिरुडिनच.

पण जळवा किती गोळा करणार? त्यात काढलेला पदार्थ पुरेसा शुद्ध नसायचा आणि रुग्णाला त्याचा त्रास व्हायचा. यंत्राची कल्पना तयार होती. अडलं होतं ते औषधापाशी.

शोधायला गेला एक, सापडलं दुसरंच

त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये १९१६ साली जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी प्रोफेसर विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. हॉवेलनी त्याला दिलेलं काम अगदी उलट होतं: रक्त *गोठवणारा* एक पदार्थ किती शुद्ध आहे ते तपास. मॅक्लीननं हृदयातून आणि यकृतातून अर्क काढले आणि त्याच्या लक्षात आलं की काही अर्क रक्त गोठवण्याऐवजी गोठणं थांबवतायत. पुढे त्यानं सांगितलेल्या आठवणीनुसार, त्यानं मांजराच्या रक्ताचं एक भांडं प्रोफेसरांसमोर ठेवलं आणि हे कधी गोठतं ते सांगा म्हणाला. ते गोठलंच नाही.

१९१८ मध्ये हॉवेल आणि एमेट होल्ट यांनी त्या पदार्थाला 'हेपरिन' हे नाव दिलं. ग्रीक भाषेत 'हेपार' म्हणजे यकृत. गंमत अशी की मॅक्लीनला सापडलेला पदार्थ आणि आज आपण ज्याला हेपरिन म्हणतो तो पदार्थ रासायनिकदृष्ट्या बहुधा वेगळे होते. आजचं हेपरिन हे साखरेच्या रेणूंची लांब साखळी आहे. तसा पाण्यात विरघळणारा पदार्थ हॉवेल यांनी १९२० च्या दशकात वेगळा केला. त्यामुळे श्रेय कुणाचं यावर पुढे बरेच वाद झाले.

पण प्रयोगशाळेतली पावडर आणि माणसाच्या शिरेत सोडायचं औषध यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. सुरुवातीच्या हेपरिननं ताप यायचा, डोकं दुखायचं. ते शुद्ध करण्याचं किचकट काम कॅनडातल्या टोरंटोत झालं. इन्शुलिनच्या शोधामुळे प्रसिद्ध असलेल्या चार्ल्स बेस्ट यांनी हा प्रकल्प हाती घेतला. आर्थर चार्ल्स आणि डेव्हिड स्कॉट या रसायनशास्त्रज्ञांनी आधी गुरांच्या यकृतापासून आणि मग फुफ्फुसांपासून हेपरिन काढायची पद्धत बसवली. १९३५ मध्ये सर्जन गॉर्डन मरे यांनी तिथे हे शुद्ध केलेलं हेपरिन माणसांना द्यायला सुरुवात केली. त्याच सुमाराला स्वीडनमध्ये एरिक यॉर्प्स हेपरिनची रचना उलगडत होते, आणि क्लॅरेन्स क्राफूर्ड ऑपरेशननंतरच्या गुठळ्या टाळायला ते वापरू लागले होते.

हेपरिन स्वतः रक्त पातळ करत नाही बरं का! आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा एक पहारेकरी आधीपासून असतो. हेपरिन त्याला बिलगतं आणि त्याच्या कामाचा वेग सुमारे हजारपट वाढवतं. नवा रखवालदार नेमण्याऐवजी जुन्यालाच खडबडून जागं करण्यासारखं.

नळी मुक्कामाला आली

इकडे औषध तयार होत होतं, तिकडे नळ्या धीट होत होत्या. १९२९ मध्ये जर्मनीतल्या एबर्सवाल्डे गावात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरनं आपल्याच हाताच्या शिरेतून ६५ सेंटीमीटर लांबीची, लघवीच्या मार्गात वापरायची नळी आत सरकवली, तशाच अवस्थेत चालत एक्स-रेच्या खोलीत गेला आणि नळीचं टोक हृदयात पोचल्याचा फोटो काढून घेतला. १९५६ मध्ये त्याला याच कामासाठी आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासोबत नोबेल मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरायच्या सेलोफेनच्या नळ्या घेऊन डायलिसिसचं यंत्र उभं केलं. १९४३ मध्ये त्यांनी रुग्णांवर उपचार सुरू केले. जिथे एबल आणि हास जळवांपाशी अडले होते, तिथे कोल्फ यांच्या हातात हेपरिन होतं. १९४५ मध्ये ६७ वर्षांच्या एका बाई या यंत्रामुळे वाचल्या.

पण एक मोठी अडचण होती. दर वेळी डायलिसिससाठी नव्यानं रक्तवाहिनी उघडावी लागायची. काही वेळांनंतर उघडायला जागाच उरायची नाही. म्हणजे किडनी तात्पुरती बंद पडली असेल तर यंत्र उपयोगाचं, कायमची बंद पडली तर नाही.

हे कोडं १९६० मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलमध्ये बेल्डिंग स्क्रिबनर यांनी सोडवलं. टेफ्लॉनची एक नळी धमनीत, एक शिरेत, दोन्ही कायम हातातच ठेवायच्या, आणि डायलिसिस नसेल तेव्हा इंग्रजी 'यू'च्या आकाराच्या तुकड्यानं त्या एकमेकींना जोडायच्या. टेफ्लॉन म्हणजे तेच, आपल्या नॉन-स्टिक तव्यावरचं. यातली खरी युक्ती बघा: रक्त थांबतच नाही. धमनीतून निघून शिरेत अखंड वाहत राहतं. व्हिर्शोच्या नावावरच्या तीन कारणांपैकी पहिलंच कारण त्यांनी काढून टाकलं. क्लाइड शील्ड्स नावाच्या रुग्णाला ९ मार्च १९६० ला ही नळी बसवली. तो त्यानंतर अकरा वर्षं जगला. त्याआधी अशा रुग्णाच्या हातात काही आठवडेच असायचे.

याच सिॲटलमधून १९७३ मध्ये ब्रोव्हियाक आणि १९७९ मध्ये हिकमन यांच्या सिलिकॉनच्या नळ्या आल्या. छातीच्या कातडीखालून नेऊन हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत सोडायच्या आणि महिनोन् महिने तिथेच ठेवायच्या. तोंडानं खाता न येणाऱ्या रुग्णांना शिरेतून पोषण, कॅन्सरच्या रुग्णांना केमोथेरपी, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, हे सगळं त्यामुळे सोपं झालं. आज आपल्याकडे 'केमोपोर्ट' आणि 'परमाकॅथ' हे शब्द घराघरांत ऐकू येतात, ती याच कुळातली मंडळी.

पण या नळ्यांत स्क्रिबनरची युक्ती चालत नाही. त्यांचं एक टोक बाहेर बंद असतं. वापर नसेल तेव्हा आतलं द्रव स्थिर उभं राहतं, आणि टोकाकडून रक्त हळूच आत शिरतं. स्थिर रक्त म्हणजे गुठळीला आमंत्रण. मग उपाय काय? नळीच्या पोकळीत हेपरिन भरून ठेवा. वैद्यकीय भाषेत याला 'लॉक' म्हणतात. दाराला कुलूप लावावं तसं.

कुलपाची किल्ली चुकली तर

माझे एक काका डायलिसिसवर होते. फिस्टुला तयार होईपर्यंत त्यांना परमाकॅथ होती. तिथला टेक्निशियन दर वेळी सुरू करण्याआधी नळीतलं जुनं द्रव ओढून फेकून द्यायचा आणि शेवटी नवं मोजून भरायचा. एवढं मोजूनमापून का, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. या भागासाठी वाचताना कळलं.

हेपरिन 'युनिट'मध्ये मोजतात. लहान बाळाच्या नळीत सोडायचं द्रव मिलिलिटरला १० युनिट ताकदीचं असू शकतं. उपचारासाठीच्या बाटलीत मिलिलिटरला १०,००० युनिटही असतात. म्हणजे हजारपट. आणि दोन्ही द्रवं दिसायला पाण्यासारखीच.

सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉस्पिटलात नवजात बाळांच्या विभागात १० युनिटच्या जागी १०,००० युनिटच्या बाटल्या ठेवल्या गेल्या. सहा बाळांना त्या दिल्या गेल्या. तीन दगावली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २००७ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेड यांच्या काही दिवसांच्या जुळ्या बाळांच्या बाबतीत तेच घडलं. सुदैवानं ती दोन्ही बाळं वाचली. दोन्ही बाटल्यांची लेबलं निळ्या छटेतली होती. क्वेड यांनी पुढे हा विषय अमेरिकेच्या संसदेपर्यंत नेला.

आपल्या धंद्यात 'टेस्ट' आणि 'प्रॉडक्शन' या दोन सर्व्हरच्या खिडक्या एकाच रंगाच्या ठेवू नका असं पहिल्याच आठवड्यात सांगतात. कारण दमलेला माणूस रंग बघतो, अक्षरं वाचत नाही. औषधाच्या बाटलीलाही तोच नियम लागू पडतो. ज्यानं बाटली उचलली त्याला दोष देऊन विषय संपवणं सोपं असतं. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच कपाटात येऊ शकतात, हा व्यवस्थेचा दोष आहे.

या सगळ्यात एक प्रश्न बाजूला राहिला, आणि तोच सगळ्यात मोठा होता. ज्या कामासाठी त्या बाटल्या उघडल्या गेल्या, म्हणजे नळी धुणं, त्यासाठी प्रत्येक वेळी हेपरिन लागतं तरी का?

सगळ्या टेस्ट पास, तरी प्रॉडक्ट खोटं

त्याच हिवाळ्यात अजून एक संकट आलं. २००७ च्या शेवटी अमेरिकेत डायलिसिसच्या काही रुग्णांना, त्यात लहान मुलंही होती, हेपरिन दिल्यावर काही मिनिटांत रक्तदाब कोसळणं, श्वास अडकणं असे त्रास होऊ लागले. २००८ च्या सुरुवातीला औषध बाजारातून परत बोलावलं गेलं.

आजचं हेपरिन मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं आणि त्याचा मोठा कच्चा माल चीनमधून येतो. या साखळीत कुठेतरी हेपरिनमध्ये दुसराच एक स्वस्त पदार्थ मिसळला गेला होता: रासायनिक प्रक्रिया केलेलं कॉन्ड्रॉइटिन सल्फेट. मूळ कॉन्ड्रॉइटिन कुर्च्यापासून, म्हणजे कूर्चेच्या मऊ हाडापासून मिळतं. दुधात पाणी घालणारा पकडला जातो, कारण दूध पातळ होतं. इथे भेसळ अशी होती की तीसुद्धा रक्त गोठणं लांबवायची. हेपरिनची ठरलेली चाचणी नेमकं तेवढंच मोजत होती. माल खोटा, आणि चाचणी पास!

एमआयटीतले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ राम शशिशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेणूची रचनाच तपासून हा पदार्थ कुठला ते ओळखलं आणि तो शरीरात रक्तदाब कसा पाडतो तेही दाखवलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे त्या काळात अशा लक्षणांसह ८१ मृत्यूंच्या नोंदी आल्या. त्यातला प्रत्येक मृत्यू या भेसळीमुळेच झाला असं म्हणता येत नाही, पण आकडा अंगावर काटा आणणारा आहे. त्यानंतर हेपरिनच्या चाचण्या जगभर बदलल्या.

उंदराचं विष आणि एक मिलिग्रॅमचं स्वप्न

आता गोळीकडे वळू. नळीत हेपरिन भरण्याऐवजी, नळी असलेल्या माणसाला रोज रक्त न गोठण्याची एक छोटी गोळी दिली तर?

त्या गोळीचं नाव वॉरफरिन. तिचा जन्म गोठ्यात झाला. १९२० च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावानं मरत होती. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं कारण शोधलं: बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फाच्या वादळात मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन विद्यापीठात कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या दारात उभा राहिला. लिंकच्या गटानं काही वर्षांनी त्या चाऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा केला. त्याच्याच धर्तीवर बनवलेलं वॉरफरिन १९४८ मध्ये आधी उंदीर मारायला विकलं गेलं! ज्या संस्थेनं संशोधनाला पैसे दिले त्या 'विस्कॉन्सिन अल्युम्नाय रिसर्च फाउंडेशन'च्या आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं. १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकन राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हेच औषध दिलं गेलं.

१९९० मध्ये बर्न आणि सहकाऱ्यांनी एक छान अभ्यास छापला. छातीत नळी असलेल्या कॅन्सरच्या रुग्णांना रोज फक्त १ मिलिग्रॅम वॉरफरिन द्यायचं. इतका कमी डोस की रक्तस्रावाची भीती नको. तीन महिन्यांनी शिरांचे एक्स-रे काढून पाहिलं. गोळी घेणाऱ्या ४२ जणांपैकी ४ जणांना गुठळी, न घेणाऱ्या ४० पैकी १५ जणांना. फरक डोळ्यात भरणारा! स्वस्त गोळी, छोटा डोस, मोठा फायदा. अनेक डॉक्टरांनी ती लिहायला सुरुवात केली.

मग मोठे अभ्यास आले. २००५ मध्ये कॅनडात २५५ रुग्णांवर: लक्षणं देणाऱ्या गुठळ्या गोळीवाल्यांत ४.६ टक्के, नकली गोळीवाल्यांत ४ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. २००९ मध्ये ब्रिटनमधल्या 'वॉर्प' नावाच्या चाचणीत १,५९० रुग्ण होते. वॉरफरिन घेणाऱ्यांत ६ टक्के, न घेणाऱ्यांतही ६ टक्के. जास्त डोस दिल्यावर गुठळ्या थोड्या कमी झाल्या, पण रक्तस्राव वाढला. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

पहिला अभ्यास खोटा होता का? मुळीच नाही. पण तो लहान होता, आणि त्यात एक्स-रेवर दिसणाऱ्या, त्रास न देणाऱ्या गुठळ्याही मोजल्या होत्या. नंतरच्या चाचण्यांनी विचारलं: रुग्णाचा हात सुजला का, नळी बंद पडली का, त्याला त्रास झाला का? मधल्या काळात नळ्याही सुधारल्या होत्या. ८२ माणसांवर जे दिसलं ते १,५९० माणसांवर दिसलं नाही. आपल्या लॅपटॉपवर चालणारा कोड हजारो लोकांच्या फोनवर चालेलच असं नाही, हे तुम्हाला-मला वेगळं सांगायला नको.

मग उरलं काय?

तोच प्रश्न सिरिंजलाही विचारला गेला. हाताच्या साध्या इंट्राकॅथसाठी हेपरिन हवं की मिठाचं पाणी पुरे? १९९० च्या दशकात आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. उत्तर असं आलं: मिलिलिटरला १० युनिट हेपरिननं धुण्यात आणि नुसत्या सलाईननं धुण्यात फरक नाही. जे काम मिठाचं पाणी करत होतं, त्यासाठी लाखो वेळा औषधाची बाटली उघडली जात होती. आणि प्रत्येक उघडण्यात चुकीची बाटली हाती यायची शक्यता होती. शिवाय काही लोकांना हेपरिननं उलटाच त्रास होतो. शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, प्लेटलेट्स घटतात, आणि रक्त न गोठण्याऐवजी जागोजागी गोठायला लागतं. त्यासाठी नळी धुण्यापुरतं थोडं हेपरिनही पुरतं.

याचा अर्थ औषध वाईट असा नाही हां! डायलिसिसच्या मोठ्या नळीची गोष्ट वेगळी. तिथे लॉक लागतंच, आणि तिथे कुठलं लॉक चांगलं याची नीट चाचणी झाली. २०११ मध्ये कॅनडातल्या २२५ रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला आठवड्यातून तिन्ही वेळा हेपरिन, दुसऱ्याला एकदा हेपरिनऐवजी गुठळी विरघळवणारं औषध भरलं. पहिल्या गटात ३४.८ टक्के लोकांच्या नळ्या बिघडल्या, दुसऱ्यात २० टक्के. औषध महाग आहे, पण फरक खरा आहे.

म्हणून आज कॅन्सरच्या नळीवाल्या प्रत्येक रुग्णाला सरसकट गुठळीविरोधी औषध द्या, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगत नाहीत. ज्याला धोका जास्त त्याचा वेगळा विचार होतो. बाकी भर आहे साध्या गोष्टींवर: नळी शक्य तितकी बारीक घ्या, तिचं टोक नेमक्या जागी, हृदयाच्या तोंडाशी ठेवा, नीट धुवा, आणि काम संपलं की काढून टाका. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जी नळी शरीरात नाही तिच्यावर गुठळी होत नाही.

आपण काय करू शकतो? कुणी आपला माणूस ॲडमिट असेल तर रोज एक प्रश्न विचारायला लाज वाटून घेऊ नका: "डॉक्टर, ही लाईन आजही लागतेय का?" नळी असलेल्या बाजूचा हात, मान किंवा चेहरा सुजला, दुखायला लागला, तर उद्यावर ढकलू नका, लगेच सांगा. पूर्वी हेपरिननं प्लेटलेट्स उतरल्या असतील तर ते फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आणि कृपा करून, हा भाग ऐकून कुणाचंही रक्त पातळ करायचं औषध परस्पर बंद करू नका. झडपेसाठी, हृदयासाठी, पायातल्या गुठळीसाठी ती औषधं रोज जीव वाचवतात. ते निर्णय डॉक्टरांचेच.

जळवेपासून मिठाच्या पाण्यापर्यंतचा हा प्रवास आहे. मॅक्लीनची चिकाटी, कोल्फची जिद्द, स्क्रिबनरची युक्ती यांचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. पण "हे सगळे करतात, पण उपयोग होतो का?" असं विचारून हजारो नळ्या मोजत बसलेल्या लोकांची नावं कुणाला माहीत नसतात. पुढच्या वेळी सिस्टर ती छोटी सिरिंज घेऊन आल्या की त्या लोकांचीही आठवण काढा.

तुमच्या घरात कुणी डायलिसिस किंवा केमोसाठी अशी नळी सांभाळली असेल, तर तुमचा अनुभव नक्की कळवा. आणि हा भाग आवडला तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'गुड मॉर्निंग'च्या फुलांऐवजी एकदा हा पाठवून बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!